मराठी कथनपरंपरेतील ‘वेड’ : शब्द, कलंक आणि उत्तरायुष्य

मानसिक आजारांविषयी समाजात असलेली भीती, लाज आणि लपवाछपवी हा विषय सामान्यतः मनोविकारतज्ज्ञांचा व सामाजिक कार्यकर्त्यांचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाकडे तो आलाच, तर एखाद्या पात्राच्या मनोविश्लेषणाच्या निमित्ताने येतो आणि तेवढ्यावर थांबतो. ही वाटणी सोयीची असली तरी तपासून पाहण्याजोगी आहे. आजार मेंदूत, शरीरात आणि परिस्थितीत असतो. कलंक मात्र प्रामुख्याने भाषेत असतो. म्हणी, शिव्या, विनोद, सोयरीक जुळवताना दबक्या आवाजात विचारले जाणारे प्रश्न आणि गोष्टींचे ठरीव शेवट यांच्या आधाराने तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो. म्हणून कलंक कमी करण्याच्या कामात भाषेचा व कथनाचा विचार करणाऱ्यांचा वाटा दुय्यम ठरत नाही. मराठी कथनपरंपरेत ‘वेडा’ म्हणून जो उभा राहतो त्याला कोणती जागा मिळाली, त्याची गोष्ट कोणी सांगितली आणि मुख्य म्हणजे ती कोठे संपविली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

‘कलंक’ हा शब्द मराठीत चंद्रावरील डागासाठी आला, म्हणजे तो दिसणाऱ्या खुणेचा वाचक आहे. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये कलंकाविषयी जे पुस्तक लिहिले त्यात एक महत्त्वाचा भेद केला आहे. काहींची खूण उघड असते. काहींची लपविता येते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचे सारे आयुष्य कोणाला काय सांगावे, कोणापासून काय राखावे, या हिशेबात जाते. मानसिक आजार बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतो. शिवाय हा डाग रुग्णापुरता राहत नाही, तो घरच्यांनाही लागतो, हेही गॉफमनने नोंदविले आहे. घराणे, कूळ आणि सोयरीक यांच्या चौकटीत विचार करणाऱ्या आपल्या समाजात हा मुद्दा अधिकच तीव्र होतो. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के असल्याचे दिसले. (या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही ध्यानात ठेवावयास हवे.) उपचार न मिळण्याची कारणे अनेक आहेत. डॉक्टर दूर असतो, पैसा नसतो, आजार ओळखू येत नाही. पण दवाखान्याच्या पायरीवर कोणी पाहील ही धास्तीही त्यांपैकी एक आहे.

आता शब्दांकडे वळावे. ‘वेड’ हा मराठीतला विलक्षण लवचीक शब्द आहे. आई मुलाला ‘वेडा कुठला!’ म्हणते तेव्हा त्यात माया असते. ‘वेडीवाकडी सेवा’ म्हणताना नम्रता असते. ‘वाचनाचे वेड’ हा गुण मानला जातो. ‘वेडी आशा’ म्हटले की करुणा येते. ‘पिसे’ या शब्दाने तर भक्तीच्या परिभाषेत मानाचे स्थान मिळविले. याउलट ‘भ्रमिष्ट’, ‘खुळा’, ‘ठार वेडा’, ‘डोक्यावर परिणाम झालेला’, ‘चळलेला’ ही मालिका माणसाला बोलण्याच्या, व्यवहाराच्या आणि विश्वासाच्या कक्षेबाहेर टाकते. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणीने आणखी एक संशय रुजविला आहे. वेड पांघरता येते, म्हणजे ते सोंगही असू शकते. आज एखाद्या तरुणाला नैराश्य आल्यावर ‘काही नाही, कामाचा कंटाळा आहे’ असे जे सहज म्हटले जाते, त्यामागे या म्हणीतलाच संशय आहे.

गावांची नावेही या शब्दसंग्रहात शिरली. महाराष्ट्रात शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतील ठाण्याचे रुग्णालय १९०१ सालचे. मुंबईकडील बोलीत ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ याचा अर्थ सांगावा लागत नाही. येरवड्याची गोष्ट तर अधिक बोलकी आहे, कारण तेथे तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. ‘येरवड्याला गेला’ या वाक्याचा अर्थ संदर्भाविना ठरत नाही; आणि समाजाच्या मनात त्या दोन अर्थांत फारसे अंतर नव्हते, हे या संदिग्धतेतून उघड होते.

कायद्याच्या भाषेत बदल झाले. १९१२ चा ‘इंडियन लूनसी ॲक्ट’ नावानेच वेड्यांचा कायदा होता. त्याची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने घेतली व तो १९९३ पासून अमलात आला. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम आला आणि २०१८ पासून लागू झाला. ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आले, ‘वेडा’ जाऊन ‘मनोरुग्ण’ आणि आता ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ आली. हे बदल आवश्यक होते. मात्र नव्या शब्दाला जुना डाग लागण्यास फार वेळ लागत नाही. ‘मेंटल’ हा शब्द इंग्रजीत निव्वळ विशेषण आहे. मराठी शाळेच्या मैदानावर ती शिवी झाली. ‘सायको’ची तीच गत. ‘मनोरुग्ण’ हा शब्दही वृत्तपत्रांच्या मथळ्यांत बहुधा हल्ल्याच्या किंवा खुनाच्या बातमीतच भेटतो. यावरून शब्द बदलणे व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. शब्द ज्या गोष्टीत वावरतो ती गोष्ट बदलली नाही, तर नवा शब्द जुनेच काम करू लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून गोष्टींकडे जाणे प्राप्त आहे. आणि मराठी गद्याच्या अगदी आरंभीच एक ‘वेडा’ उभा आहे. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात, म्हणजे ‘ऋद्धिपुरलीळे’त, चरित्रनायक गुंडम राऊळ ऋद्धिपुराच्या रस्त्यांतून हसतात, खेळतात, कोणाच्याही घरी जाऊन जेवतात, देवळातल्या मूर्तींशी बोलतात, मातंगांच्या वस्तीत शिरतात. गावाला ते वेडे वाटतात. भक्तांना ते ईश्वर वाटतात. आणि कित्येकदा एकच माणूस दोन्ही म्हणतो. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या ॲन फेल्डहाऊस यांनी देव आणि वेडा या जोडरूपाचा स्वतंत्रपणे विचारही केला आहे. गुंडम राऊळ यांना मानसिक आजार होता की नव्हता, हा प्रश्न सातशे वर्षांनंतर विचारण्यात अर्थ नाही. अर्थ आहे तो गावाच्या वर्तनात. हे वेडे गावाच्या बाहेर नाहीत, आत आहेत. त्यांना खाऊ घातले जाते, त्यांच्यावर चिडले जाते, पोरे त्यांच्यामागे लागतात, बाया त्यांच्याकडे गाऱ्हाणी नेतात. दुसरे असे की त्यांना वेडे ठरविणाऱ्या कृतींपैकी पुष्कळ कृती स्पर्शास्पर्शाचे नियम मोडणाऱ्या आहेत. जे घर टाळावयाचे तेथे ते जातात. गावाच्या दृष्टीने वेडाचा पुरावा म्हणजे येथे नियमभंग आहे.

या चरित्राशेजारी सुमारे साडेसहाशे वर्षांनंतरचे एक गद्य ठेवून पाहावे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभी त्यांनी आपल्या वडिलांचे जे चित्र रेखाटले आहे ते मराठी आत्मचरित्राच्या प्रत्येक वाचकाच्या स्मरणात असते. १८५७ च्या धामधुमीत घरच्या जवळच्या आप्ताला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, मग ती धुण्याजोगी असो वा नसो. या नियमापायी पत्नीच्या आयुष्याचे पाणी पाणी झाले. आजचा मनोविकारतज्ज्ञ येथे मंत्रचळ, म्हणजे विचार आणि कृती यांच्या सक्तीचा विकार, हे निदान सुचवील. एक मोठा आघात, त्यानंतर सुरू झालेली अशुद्धतेची धास्ती, ती धास्ती शमविण्यासाठी पुन्हा पुन्हा करावयाची कृती आणि त्या कृतीत घरातल्या साऱ्यांना ओढणे, ही सर्व लक्षणे तेथे आहेत. लक्ष्मीबाईंनी निदान केलेले नाही आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. महत्त्वाची आहे ती त्यांची निवेदनाची जागा. त्या मुलगी आहेत, त्या घरात वाढलेल्या आहेत, त्यामुळे नाना त्यांना राक्षस वाटत नाहीत आणि ऋषीही वाटत नाहीत. त्या हसतात, पण आईच्या कष्टांवर हसत नाहीत. आईने काय सोसले हे त्या विनोदाच्या आड दडवीत नाहीत, आणि तरीही नाना हा माणूस म्हणून पानावर शिल्लक राहतो.

या दोन चित्रांच्या शेजारधर्मातून एक गोष्ट फार स्पष्ट होते. गुंडम राऊळ सोवळे मोडतात म्हणून वेडे ठरतात. नाना सोवळे अतोनात पाळतात, त्या पाळण्यापायी स्वतः होरपळतात आणि घराला होरपळवितात. पण चारचौघांत ते ‘कर्मठ’ म्हणून खपून जाऊ शकतात. समाज वेडाचा शिक्का मारतो तो दुःख किती आहे हे पाहून नव्हे. रूढ नियमाच्या कोणत्या बाजूला माणूस पडला हे पाहून मारतो. सोवळ्याला पुण्य मानणाऱ्या घरात सोवळ्याचा आजार ओळखू येणे कठीण, कारण आजाराने रूढीचीच भाषा उचललेली असते. हीच गोष्ट आज दुसऱ्या रूपात दिसते. रात्ररात्र न झोपता काम करणारा ‘कर्तबगार’ ठरतो, कोणाशीही न बोलणारी सून ‘सोशिक’ ठरते, आणि दोघांच्याही आजाराकडे वर्षानुवर्षे लक्ष जात नाही. एखाद्याचा आजार केवळ त्याच्या समाजात प्रचलित असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धर्मश्रद्धांशी त्याचे जुळत नाही एवढ्यावरून ठरविता येणार नाही, असे २०१७ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे. कायदा राऊळांच्या बाजूने उशिरा का होईना उभा राहिला. नानांच्या पत्नीच्या बाजूने उभे राहणे कायद्याला इतके सोपे नाही. ते काम आत्मचरित्राने केले.

संतकवितेतील ‘पिसे’ आणि ‘वेड’ यांचा विचार येथे थोडक्यात करणे पुरे आहे, कारण त्या रूपकाची चर्चा विपुल झालेली आहे. ईश्वराने लावलेले वेड हे शहाणपणाहून श्रेष्ठ, हा त्या कवितेचा आशय. या आशयाने व्यवहारी शहाणपणाचा गर्व उतरविला, हे त्याचे मोल निर्विवाद आहे. मात्र या गौरवाचा लाभ खऱ्या आजारी माणसाला झाला असे दिसत नाही. रूपकातला वेडा उंचावर गेला आणि ओसरीवर बसलेला वेडा तेथेच राहिला. सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ मध्ये आजाराच्या रूपकांवर लिहिताना हाच धोका दाखविला होता. क्षयाला पूर्वी नाजूक, उच्च संवेदनेचे चिन्ह मानले जाई. विसाव्या शतकात ती जागा वेडाने घेतली, असे त्यांचे निरीक्षण आहे. मराठीत प्रेमाच्या संदर्भात हे रूपक आजही जोरात आहे. २०२२ च्या अखेरीस प्रदर्शित होऊन गाजलेल्या एका मराठी चित्रपटाचे नावच ‘वेड’ आहे. प्रेक्षागृहात त्या शब्दाला टाळ्या मिळतात. तोच शब्द शेजारच्या घरातील मुलाविषयी उच्चारला की खिडक्या बंद होतात.

रंगभूमीवर वेडाचे आगमन बरेच आधीचे आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे गणपतराव जोशी यांनी ती भूमिका गाजविली आणि सोंगाचे वेड व खरे वेड यांतला फरक मराठी प्रेक्षकाने प्रथम इतक्या जवळून पाहिला. ‘विकार’ हा शब्द आगरकरांनी भावनांच्या उसळीसाठी वापरला होता. आज ‘मनोविकार’ म्हणताना तोच शब्द आजाराचा वाचक झाला आहे, ही नोंद शब्दार्थाच्या इतिहासात करून ठेवण्यासारखी आहे. कानेटकरांचे ‘वेड्याचे घर उन्हात’, शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) ही पुढची ठाणी. यांत मन ढळणे हे शोकात्मिकेचे शिखर असते. ते गाठल्यावर नाटकाला पुढे जावयाचे नसते.

या दृष्टीने जयवंत दळवी यांचे ‘बॅरिस्टर’ हे नाटक अधिक बारकाईने वाचावयास हवे. दळवींच्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून लिहिलेले हे नाटक १९७७ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले आणि विक्रम गोखले यांच्या भूमिकेने गाजले. जुना वाडा, विधवांचे कोंडलेले आयुष्य, सुधारणेची ओढ असलेला बॅरिस्टर आणि घराण्यात असलेल्या वेडाची त्याला सतत वाटणारी भीती, असा त्याचा ताणा. दळवी यांनी रूढींचा जाच आणि मनाचा ऱ्हास यांचे नाते फार समर्थपणे दाखविले; केस काढलेल्या विधवेचे दुःख आणि वेडाची धास्ती एकाच वाड्यात नांदतात, ही त्या नाटकाची मोठी ताकद आहे. पण नाटकाची गती नियतीची आहे. ज्याची भीती होती तेच अखेर होते, बॅरिस्टरचे मन ढळते, आणि प्रेक्षक घरी जाताना एक गोष्ट घेऊन जातो : वेड रक्तातून येते आणि त्यातून सुटका नाही.

कलेच्या दृष्टीने हा शेवट अपरिहार्य वाटतो. वैद्यकाच्या दृष्टीने तो अपरिहार्य नाही. छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) हा तीव्र विकार घेतला तरी सर्वसाधारण लोकसंख्येत त्याचा संभव सुमारे शंभरात एक, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास मुलात सुमारे शंभरात दहा, असे साधारणपणे मानले जाते. धोका वाढतो हे खरे. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की शंभरांतील नव्वदांना तो आजार होत नाही. सोयरिकीच्या बैठकीत हे नव्वद कधीच मोजले जात नाहीत. विवाहविषयक कायद्यातही घराण्याच्या या भीतीचे प्रतिबिंब आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींत १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्मारही घातला होता. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार काढून टाकला. फेपरे येणाऱ्या कित्येक मुलींची लग्ने केवळ त्या एका शब्दापायी धोक्यात येत असत. वेडाच्या झटक्यांचा उल्लेख मात्र तेथे टिकून आहे. ‘बॅरिस्टर’चे मूल्यमापन या आकड्यांवरून करावयाचे नाही, हे सांगण्याची आवश्यकता नसावी. नाटक वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नव्हे. तथापि ते वर्गात शिकविताना ‘आनुवंशिकतेची शोकात्म जाणीव’ असे म्हणून पुढे जाणे आणि ही जाणीव कितपत खरी आहे याविषयी एक वाक्यही न उच्चारणे, यांत जबाबदारी टाळली जाते.

वेडाची आणखी एक कथा लोकपरंपरेत आहे, ती बाधेची. झपाटणे, करणी, अंगात येणे या कल्पनांना अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. त्यांमुळे झालेली मारहाण, उपासमार आणि साखळदंड पाहता त्यांचा निषेधही आवश्यक आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये अघोरी प्रथा व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर. पण कथन म्हणून पाहता बाधेत एक सोय होती. दोष बाहेरचा असे. भूत दुसऱ्याचे, करणी शेजाऱ्याची. घराण्याचे रक्त निर्दोष. आणि भूत उतरले की माणूस पुन्हा आपल्या जागी येऊ शके. आधुनिक वैद्यकाची अर्धवट ओळख झालेल्या समाजात भूत गेले, पण त्याची जागा ‘रक्तातल्या दोषा’ने घेतली, आणि परतीची वाट मात्र बंद झाली. उपचारांनी ही वाट पुन्हा उघडली आहे, ही बातमी गोष्टींपर्यंत पोचण्यास फार वेळ लागला.

ती पोचविण्याचे काम गेल्या चाळीस वर्षांत काही वेगळ्या प्रकारच्या लेखनाने व चित्रपटांनी केले. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’विषयक लेखनाने व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून आजार आहे, हे मराठी वाचकाच्या गळी उतरविले. ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले, आणि तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. वार्तांकनपर गद्यातून एक संस्था उभी राहावी, ही मराठीत विरळा घटना आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांचा विचार साहित्याच्या अभ्यासात करावा की करू नये, हा वाद येथे नको. कथनाच्या अभ्यासात तो करावाच लागेल. ‘देवराई’त (२००४) शेष या तरुणाला छिन्नमनस्कता आहे. कोकणातल्या देवराईविषयीची त्याची ओढ खरी आहे आणि त्या ओढीने घेतलेले विकृत रूपही खरे आहे. दोहोंना चित्रपट वेगळे ठेवतो, त्यामुळे आजार गेला की माणसाचे सारे विचारही खोटे ठरले असे होत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती सीना, त्याची बहीण. ती त्याला स्वतःच्या घरी आणते. विवाहित बहिणीने आजारी भावाला आपल्या संसारात आणणे म्हणजे काय, नवऱ्याशी, मुलांशी, शेजाराशी रोज काय बोलावे लागते, हे तेथे तपशिलाने येते. ‘बॅरिस्टर’ जेथे संपते त्याच्या पुढच्या दिवसापासून ‘देवराई’ सुरू होते, असे म्हणता येईल. गोळ्या वेळेवर घेणे, काही काम हाती देणे, पुन्हा बिघडणे, पुन्हा सावरणे ही शोकात्मिकेला न मानवणारी, कंटाळवाणी वाटणारी सामग्री आहे. उत्तरायुष्य असेच असते.

‘कासव’मध्ये (२०१६, याला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सुवर्णकमळ मिळाला) जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या एका अनोळखी मुलाला जानकी आपल्या घरी ठेवून घेते आणि त्याला प्रश्न विचारीत नाही. न विचारण्याचे हे मौन आणि लपविण्याचे मौन यांतला भेद चित्रपटाने अचूक पकडला आहे. तो आला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंडसंहितेनुसार गुन्हा होता. २०१७ च्या अधिनियमाने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्यास सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो सरसकट गुन्हा उरलेला नाही. ‘अस्तु’तील स्मृतिभ्रंश झालेले संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री हे तिसरे उदाहरण. ती भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. येथे विद्वत्ता जाते, नावे जातात, मुलगीही ओळखू येत नाही. पण हत्तीमागून गेलेल्या त्या म्हाताऱ्याला एक माहुताची बायको मुलासारखे सांभाळते. ऋद्धिपुराच्या रस्त्याची आठवण यावी असा हा प्रसंग आहे.

या साऱ्याचा महाविद्यालयीन अध्यापनाशी संबंध काय, असा प्रश्न संभवतो. पदव्युत्तर वर्गात साठ विद्यार्थी असले तर त्यांतल्या काहींच्या घरी कोणी आजारी असणार, आणि काही स्वतः गोळ्या घेत असणार. हे वरील आकडेवारीवरून समजण्याजोगे आहे. अशा वर्गात ‘या कादंबरीतील वेडाचे प्रतीकात्म महत्त्व स्पष्ट करा’ हा प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. त्याच्या जोडीला निवेदक कोण आहे, वेडा स्वतः किती वाक्ये बोलतो, त्याला कोण सांभाळते आणि त्या व्यक्तीला कथेत किती जागा आहे, वेडानंतर कथा किती पाने चालते, हे प्रश्न विचारता येतात. ते वाङ्मयीनच आहेत; निवेदनशास्त्राच्या बाहेर जावे लागत नाही. असा हिशेब मांडला तर मराठी कादंबरीत वेडी स्त्री पुरुषापेक्षा कमी बोलते काय, ग्रामीण कथेतला वेडा विनोदासाठी आणि नागर कथेतला वेडा चिंतनासाठी वापरला जातो काय, याविषयी अंदाजाऐवजी पुराव्याने बोलता येईल. कलंक कमी करण्याचे कार्यक्रम आखणे व त्यांसाठी निधी देणे हे २०१७ च्या अधिनियमाच्या तिसाव्या कलमाने शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. पण कोणत्या गोष्टी सांगाव्यात हे कलम ठरवू शकत नाही.

संशोधनाचे एक क्षेत्र तर जवळजवळ अस्पर्श आहे, ते रुग्णांच्या स्वतःच्या लेखनाचे. लक्ष्मीबाई मुलगी म्हणून लिहितात, ‘देवराई’ बहिणीच्या बाजूने उभी राहते. आजार ज्याला झाला त्याचा प्रथमपुरुषी आवाज मराठीत अजून तुरळक आहे. मासिके व दिवाळी अंक यांतील आत्मकथने, शुभार्थींच्या आधारगटांची हस्तलिखिते, घरोघरच्या पेट्यांत पडून असलेली पत्रे आणि रोजनिश्या यांचा शोध एखाद्या विद्यापीठीय विभागाने घेण्यासारखा आहे. ठाण्याच्या रुग्णालयात शंभराहून अधिक वर्षे मराठी बोलणारी माणसे राहिली आहेत आणि त्यांतली पुष्कळ साक्षर होती. असे कागद हाती आले तरी ते अन्य जुन्या कागदांप्रमाणे वापरता येणार नाहीत. अधिनियमाच्या तेविसाव्या कलमाने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे. त्यामुळे लेखक हयात असल्यास त्याची संमती, नसल्यास वारसांशी बोलणे, नाव-गाव वगळणे, आणि काही मजकूर वाचूनही न छापणे, हे सर्व संपादनपद्धतीचाच भाग म्हणून आधी ठरवून घ्यावे लागेल. पाठभेदांची चर्चा त्यानंतर.